ग्रॅमबाई आणि बारा सेंटिमीटर

माझ्या मावशीला बाजारात ग्रॅमबाई म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. पण तिला ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही, असा माझा संशय आहे. हे नाव पडलं एका कॉफीवाल्यामुळे. त्याचा काटा तीन ग्रॅम जास्त दाखवत होता आणि त्याला तो तसाच, त्याच दिवशी परत हवा होता. "तीन ग्रॅमनं काय आभाळ कोसळणार आहे?" असं तो म्हणाला. मावशी म्हणाली, "काहीच कोसळणार नसेल तर मिशा कापून द्या. तेवढ्याच भरतील." काटा त्याला दोन दिवसांनी मिळाला, दुरुस्त होऊन. मिशा त्याच्याकडेच राहिल्या आणि मावशीला नाव मिळालं.

तिचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. मूळ आजोबांचा. त्यांच्यामागे तो मामानं चालवावा असं सगळ्यांना वाटत होतं, पण मामाला कचेरीत खुर्ची मिळाली आणि दुकान मावशीच्या वाट्याला आलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. मधोमध दगडी ओटा, पाणसळ लावून सपाट केलेला. खिडकी कायम बंद, कारण नाजूक काटा वाऱ्याच्या झुळकेनंही हलतो. गिऱ्हाईक आत आलं की मावशी "या, बसा" म्हणत नाही, "दार लावा" म्हणते. नवीन माणसाला वाटतं बाई तुसडी आहे. जुन्या माणसालाही तेच वाटतं, पण तो दार लावतो.

काटा तपासताना ती एकच वजन पाच जागी ठेवते, चार कोपऱ्यांत आणि मध्ये. पाचही जागी आकडा सारखा आला तरच काटा खरा. तिला सांगून आलेल्या एका स्थळाबद्दलही तिनं हेच सांगितलं होतं म्हणे: "आईसमोर एक आकडा, माझ्यासमोर दुसरा, मित्रांत तिसरा. परत पाठवा." पुढे तिनं लग्न केलंच नाही. मी शिकायला म्हणून तिच्याकडे आले ती राहिलेच. आता मी जवळच्या शाळेत शिकवते आणि संध्याकाळी तिची बोलणी खाते.

दुकानातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे एक लाकडी पेटी. आत निळं मखमल, त्यात खाचा आणि खाचांमध्ये कसोटीची वजनं, दोन किलोपासून एक ग्रॅमपर्यंत. या वजनांवरून बाजारातले सगळे काटे तपासले जातात, म्हणून ती स्वतः अचूक असावी लागतात. दरवर्षी प्रयोगशाळेत जाऊन दाखला घेऊन येतात. त्यांना उघड्या हातानं शिवायचं नाही. "घामालाही वजन असतं," असं मावशी म्हणते. मी सोळा वर्षांची असताना एकदा पन्नास ग्रॅमचं वजन नुसत्या बोटांनी उचललं होतं. त्यावरून मला अजून बोलणी बसतात, आणि मी आता एकेचाळीसची आहे.

मावशी अठ्ठावन्न वर्षांची झाली त्या वर्षी तिला दम लागायला लागला. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून ती दाराला धरून उभी राहायची. मी विचारलं की पित्त झालंय म्हणायची. शौचाला काळं होत होतं, तेही तिनं कुणाला सांगितलं नाही. आणि मग एक दिवस भाजीच्या घाऊक बाजारात, मोठ्या काट्याची तपासणी चालू असताना ती त्या काट्यावरच कोसळली. भाजीवाल्यांनी तोंडावर पाणी मारलं, मला फोन केला. मी पोचले तेव्हा तिनं डोळे उघडले होते. मला बघून पहिला प्रश्न काय विचारावा? "किती दाखवत होता?"

भाजीवाला म्हणाला, "एकावन्न किलो चारशे."

"मागच्या वेळेला मी चौपन्न होते," मावशी म्हणाली. "काहीतरी चुकतंय. काट्याचं नाही."

रक्त निम्म्यावर आलं होतं. चार बाटल्या चढवल्या, तोंडातून दुर्बीण घालून पोट बघितलं, सुईनं तुकडा काढला. जठराच्या भिंतीत अकरा सेंटिमीटरची गाठ होती आणि तिच्यातूनच रक्त झिरपत होतं. डॉक्टर एक मध्यमवयीन बाई, भराभर बोलणाऱ्या, पण समोरच्याचं ऐकून झाल्याशिवाय न बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला समोर बसवलं. मामाही आला होता. तो आधीच रुमाल काढून बसला होता.

"हा कॅन्सरच आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण पोटाचा नेहमीचा कॅन्सर नाही. याला जिस्ट म्हणतात. आतड्याची हालचाल तालात चालवणाऱ्या काही पेशी असतात, त्यांच्यासारख्या पेशींची ही गाठ. त्या पेशींवरचं एक बटण चालू होऊन तसंच अडकलंय. म्हणून त्या वाढतच राहतात. नेहमीची केमो हिच्यावर चालत नाही. पण एक गोळी आहे, ती ते बटण बंद करून ठेवते."

"अडकलेलं बटण मला कळतं," मावशी म्हणाली. "कापून का नाही टाकत?"

"टाकणार. पण गाठ मोठी आहे आणि प्लीहेला टेकली आहे. आत्ता कापायला गेलो तर पोटाचा बराच भाग जाईल, किंवा गाठ फुटेल. फुटली तर तिचे कण पोटभर पसरतात. म्हणून आधी काही महिने गोळी. गाठ आक्रसली की ऑपरेशन. मग निदान तीन वर्षं परत गोळी. तुमच्या तुकड्याची जनुकांची तपासणी केली. ज्या प्रकारावर गोळी उत्तम लागू पडते, तो तुमचा आहे. हे नशीब समजा."

मामानं रुमाल डोळ्यांना लावला आणि म्हणाला, "अगं, आता दुकान बंद कर. किती दिवस राहिलेत ते शांतपणे घालव."

"दादा," मावशी म्हणाली, "डॉक्टर नशीब म्हणाल्या, ते ऐकलंस का रुमालात कान पण बांधलेस?"

गोळी घरी आली त्या दिवशी मावशीनं ती आधी तोलली. मी डोक्याला हात लावला. डबीवर चारशे मिलिग्रॅम लिहिलेलं, आणि काटा दाखवत होता साडेपाचशेच्या वर. तिनं तिथूनच औषधवाल्याला फोन लावला. औषध चारशे असतं, बाकी गोळी बांधायचा मसाला, हे त्यानं तीनदा समजावलं. मावशी म्हणाली, "मग तसं लिहा की." शेवटी जेवणानंतर मोठा पेलाभर पाण्याबरोबर गोळी पोटात गेली. तोलल्याशिवाय काही तिच्या पोटात जात नाही, अन्नसुद्धा. मामा आजारपणाला म्हणून दोन किलो सफरचंदं घेऊन आला तेव्हा तिनं पिशवी काट्यावर ठेवली आणि सांगितलं, "एक किलो आठशे साठ. आजारी मी आहे, नागवला गेलास तू."

पण गोळी सोपी नव्हती. सकाळी तिच्या पापण्या अशा सुजायच्या की डोळे चिरेएवढे राहायचे. मळमळ व्हायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हातात पेटके यायचे. काम करता करता बोटं वाकडी व्हायची आणि सरळ होईनात. डॉक्टरांना सांग म्हटलं तर म्हणायची, "रोग एवढा मोठा, तिथे बोटांचं रडगाणं काय गायचं." तिसऱ्या महिन्यात एका दुपारी तिच्या हातातून दोनशे ग्रॅमचं कसोटीचं वजन निसटलं आणि फरशीवर आपटून घरंगळत माझ्या पायाशी आलं. वजनाला काही झालेलं दिसत नव्हतं. पण पडलेल्या वजनावर विश्वास ठेवायचा नसतो. ते पुन्हा तपासून यावं लागतं. मावशीनं ते फडक्यात गुंडाळून प्रयोगशाळेला पाठवलं. छत्तीस वर्षांत तिच्या हातून वजन पडलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मला तिची फार दया आली आणि ती मी दाखवली नाही, कारण दया दाखवलेली तिला चालत नाही.

त्याच आठवड्यात पहिला स्कॅन झाला. डॉक्टर परगावी होत्या, भेट आठ दिवसांनी ठरली होती. नेमकी मीही शाळेच्या प्रशिक्षणाला बाहेर गेले. परत आले तर मावशी म्हणाली, "मी जाऊन आले. चालू ठेवा म्हणाल्या. पुढच्या महिन्यात बघू म्हणाल्या." मी विश्वास ठेवला. जी बाई तीन ग्रॅम खोटं सहन करत नाही ती मला खोटं सांगेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

आणि मावशी सुधारली की हो. खायला लागली. हसायला लागली. मामा आला आणि म्हणाला, "चेहरा बघ कसा उजळलाय." बाजारातले लोकही तेच म्हणाले. मी शाळेत सांगत सुटले की मावशीला गोळी मानवली.

एका सकाळी ती भाजीवाल्याच्या काट्याला सील लावत होती. शिशाच्या मण्यातून बारीक तार ओवायची असते. तिनं ती एका झटक्यात ओवली. मी चहा घेऊन समोर उभी होते. तिचे डोळे मोठे, स्वच्छ, उघडे दिसत होते. बोटं सरळ होती. मला आधी बरं वाटलं. मग डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं: पापण्या सुजतात ते गोळीमुळे, आणि गोळी घेताय तोवर कमीजास्त तसं होतच राहील.

मी चहा ओट्यावर ठेवला. ती भाजीबाजारात गेल्यावर आधी घर शोधलं. स्वयंपाकघरातली डबी रिकामी होती, म्हणजे वरवर सगळं ठीक. मग दुकानात गेले. पेटी उघडली, उघड्या हातांनी, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही. दोनशे ग्रॅमची खाच रिकामी असायला हवी होती, वजन अजून प्रयोगशाळेतून आलं नव्हतं. तिथे गोळ्या होत्या. एकोणीस गोळ्या, मखमलीत नीट लावून ठेवलेल्या.

मावशी परत आली तेव्हा पेटी ओट्यावर उघडी होती. तिनं दार लावलं. तेवढं ती कधी विसरत नाही.

"हात लावलास?" ती म्हणाली.

"लावला. सगळ्या वजनांना लावला. पाठव आता सगळी तपासायला." मी ओरडतच होते. "डॉक्टरांकडे गेली होतीस म्हणालीस."

"गेले नाही. जायचं कारण नव्हतं. रिपोर्ट आला, मी वाचला. अकरा पूर्णांक दोन होती, बारा पूर्णांक एक झाली. तीन महिने गोळी खाऊन गाठ वाढली. याच्यावर डॉक्टर काय वेगळं सांगणार? आकडा आहे तो, मत नाही."

"म्हणून मरायला बसलीस?"

"बसले नाही, कामाला लागले." तिनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले, बोटं पसरून. "हे बघ. हे परत आले. दोनदा दुरुस्त करून सुधारला नाही तो काटा मी भंगारात काढते, मग या गोळीचे लाड कशाला? मरायचंच असेल तर हात शाबूत ठेवून मरेन. वजनं पाडत, डोळे मिटत, दादाच्या रुमालाकडे बघत मरणार नाही. माझं मी ठरवलंय."

मला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त येत होता. ती हट्टी आहे हे मला कुणी सांगायला नको, त्याच हट्टावर मी वाढले. पण हट्ट रोगापुढे करायचा सोडून तिनं औषधापुढे केला होता, आणि त्याला ती शौर्य समजत होती. समजावून सांगणं फुकट होतं. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी तिच्याच भाषेत गेले.

"काट्यावर एकाच कोपऱ्यात वजन ठेवून, आकडा बघून, तू कधी शिक्का मारलायस?"

तिनं पसरलेले हात मागे घेतले.

"सांग ना. किती जागी ठेवायचं असतं?"

"पाच."

"हा एक कोपरा झाला. बाकीचे चार कुठे आहेत?"

मग तिनं हातमोजे घातले, चिमटा घेतला आणि गोळ्या एक एक करून डबीत भरल्या. "उद्या जाऊ," ती म्हणाली. "पण मी भांडायला येतेय, ऐकायला नाही."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. एवढ्या शांत बाईला इतकं चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "एकोणीस दिवस? मला फोन करायला काय झालं होतं?"

"आकडा तुमच्याच लोकांनी दिला," मावशी म्हणाली. "वाढली आहे की नाही गाठ?"

"वाढली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "इकडे या."

त्यांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. डावीकडे तीन महिन्यांपूर्वीची गाठ, करडी, भरीव. उजवीकडे आत्ताची, घेरानं मोठी, पण आतून काळपट आणि विरळ. "ही गोळी लागू पडली की कधी कधी पहिल्या महिन्यांत गाठ फुगते. आतल्या पेशी मरतात, तिथे पाणी धरतं, रक्त साकळतं. म्हणून या रोगात आम्ही नुसता आकार बघत नाही, घनता बघतो. पहिली चौऱ्याहत्तर होती. आता एकोणचाळीस आहे. जवळजवळ निम्मी. गोळी काम करत होती, बाई. उत्तम काम करत होती."

मावशीनं चष्मा लावला, पडद्याच्या अगदी जवळ गेली. "हे रिपोर्टात लिहिलं होतं?"

"दुसऱ्या पानावर. खालून तिसरी ओळ."

तिनं पिशवीतून रिपोर्ट काढला, पान उलटलं, खालून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. ओळ तिथेच होती. आयुष्यभर जी बाई पावतीच्या मागची बारीक अक्षरंसुद्धा वाचते, तिनं या एका कागदाचं दुसरं पान उलटलं नव्हतं. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. मला वाटतं ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला पहिला आकडा पुरतो.

"म्हणजे मोठी झाली, पण हलकी," ती म्हणाली. "आणि मी घेर मोजून वजन सांगितलं. माझ्या दुकानात कुणी असं केलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं." ती खुर्चीत बसली. "मी मूर्खपणा केला. या एकोणीस दिवसांचं काय?"

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी थांबली की बटण पुन्हा चालू होतं, कुणात लगेच, कुणात उशिरा. सहा आठवड्यांनी स्कॅन करू. तो सांगेल." मग त्यांनी तिचे हात हातात घेऊन बोटं वाकवून पाहिली. "आणि पेटक्यांचं मला का नाही सांगितलं? रक्तातले क्षार बघते, भरून काढते. हाताचे व्यायाम देते. अगदीच जड गेलं तर गोळीचं काय करायचं ते आपण दोघी ठरवू. तुम्ही एकट्यांनी नाही."

त्या सहा आठवड्यांत मावशीनं गोळीची वेळ बदलली. घरी गुपचूप घ्यायचं बंद. रोज दुपारी साडेबाराला, दुकानात, जेवण झालं की ओट्यासमोर उभी राहून, गिऱ्हाईक असो नसो, गोळी आणि पेलाभर पाणी. रिकामा पेला दगडावर असा आपटायची की शेजारचा घड्याळवाला त्यावर दुपार धरायला लागला. डोळे सुजले की सुजलेल्या डोळ्यांनी बाजारात जायची. कुणी विचारलं की सांगायची, "औषध पोचल्याची पावती आहे ही." पेटके कमी झाले, गेले नाहीत. पेटका आला की ती वजन खाली ठेवायची, बोटं दगडावर दाबून सरळ करायची आणि परत उचलायची. समोरच्या माणसानं मदतीला हात पुढे केला तर त्याची काही धडगत नसायची.

मी मात्र धास्तावलेली होते. शाळेत फळ्यावर लिहिताना एकोणीस आकडा आला तरी माझा हात थांबायचा. तिचं काही बरंवाईट झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं, कारण तीन आठवडे तिचे निरोगी डोळे बघून मी खूश झाले होते.

स्कॅन झाला. या वेळी तिनं रिपोर्ट घेतला, दुसरं पान आधी उघडलं, मग पहिलं, आणि माझ्या हातात दिला. साडेनऊ सेंटिमीटर. घनता पस्तीस. मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभी राहून भोकाड पसरलं. मावशी म्हणाली, "आवर. लोकांना वाटेल वाढली."

तिथून ती घरी आली नाही. स्कॅन केंद्राच्या प्रमुखांच्या खोलीत गेली आणि बाहेर यायला तासभर लागला. ही गोळी खाणाऱ्या माणसाच्या रिपोर्टात घनतेचा आकडा आकाराच्या शेजारी, पहिल्या पानावर, तेवढ्याच अक्षरात लिहा, एवढीच तिची मागणी होती. प्रमुख म्हणाले, आमचा ठरलेला नमुना आहे. मावशी म्हणाली, नमुना चुकीचा आहे, मी त्याच्यापायी मरत होते. ते म्हणाले, दुसरं पान वाचणं रुग्णाची जबाबदारी आहे. मावशी म्हणाली, ते मला मान्य आहे, आता तुमचं बोला. ती चार वेळा गेली. पाचव्या वेळी तिला येताना बघून त्यांनी आतूनच सांगितलं की नमुना बदललाय.

नवव्या महिन्यात गाठ साडेसहावर आली आणि ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी सर्जन भेटायला आले तेव्हा मावशीनं त्यांना विचारलं, "हात कापत नाहीत ना?" ते हसले. ती हसली नाही. "न फुटता उचला," ती म्हणाली. "मी वजनं उचलते तशी." त्यांनी तशीच उचलली. पोटाचा एक तुकडा गेला, प्लीहा वाचली. शुद्धीवर आल्यावर ती पुटपुटली, आणि मी कान जवळ नेला. "किती भरली?"

लॅबनं लिहिलं होतं, एकशे अडुसष्ट ग्रॅम. दीड महिन्यानं चालायला लागल्यावर ती लहान वजनांची डबी घेऊन त्या लॅबमध्ये गेली आणि त्यांचा काटा तपासला. चार ग्रॅम जास्त दाखवत होता. "माझ्या नावावर चार ग्रॅम फुकटचे चढवले होते," असं ती अजून सगळ्यांना सांगते. त्या लॅबचे काटे तेव्हापासून तिच्याकडेच असतात.

ती रुग्णालयात असतानाच दोनशे ग्रॅमचं वजन दाखल्यासकट परत आलं होतं. पडल्यामुळे ते तीन मिलिग्रॅम कमी भरत होतं. मला वाटलं, आता ते गेलं. मावशीनं दाखला वाचला, दोन्ही पानं, आणि वजन त्याच्या खाचेत ठेवलं. "किती कमी आहे ते लिहून दिलंय ना. मग तेवढं धरून त्याच्यावर काटे तपासता येतात." त्या खाचेत आता गोळ्या ठेवायला जागा नाही.

परवा गोळीला ऑपरेशननंतरची तीन वर्षं पूर्ण झाली. डॉक्टरांनी बोलावलं होतं. मामाही आला, या वेळी रुमाल खिशात ठेवून. स्कॅन स्वच्छ होता. मावशीला वाटलं होतं आता गोळी सुटेल. डॉक्टर म्हणाल्या, "तुमची गाठ मोठी होती, पेशी वेगानं वाढत होत्या. गोळी थांबवल्यावर काही जणांत रोग परततो. जास्त वर्षं घेतली तर तो आणखी लांबतो, असं अलीकडच्या अभ्यासात दिसलंय. माझं मत विचाराल तर अजून तीन वर्षं घ्या. आणि समजा परतला, तर हीच गोळी वाढवता येते, पुढची औषधंही आहेत. ही गोळी यायच्या आधी रोग पसरला की आमच्या हातात फारसं काही नसायचं. आता पसरल्यावरही लोक वर्षानुवर्षं जगतात."

मामानं आवाज खाली करून विचारलं, "तरी पण, साधारण किती वर्षं?"

डॉक्टर सांगायला लागल्या: इतक्या जणांतले इतके, पाच वर्षांनी इतके, दहा वर्षांनी इतके. मावशीनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"हे आकडे कुणाला तोलून काढलेत?"

"आधीच्या रुग्णांना," डॉक्टर म्हणाल्या.

"त्यात मी होते?"

"नाही."

मावशी मामाकडे वळली. पापण्या सुजलेल्या, डोळ्यांच्या नुसत्या चिरा, पण त्या चिरांतून ती अशी बघत होती की मामानं खुर्ची मागे सरकवली. "ऐकलंस, दादा? माझं वजन अजून झालेलं नाही. मी पारड्यात आहे. मला उतरवायची घाई करू नकोस."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजत आले होते. तिनं पिशवीतून पावाचे दोन तुकडे काढून तिथेच खाल्ले, डॉक्टरांच्या टेबलावरचा पेला भरून घेतला, गोळी तोंडात टाकली आणि सगळं पाणी प्याली. मग रिकामा पेला टेबलावर आपटला आणि मामाला म्हणाली, "जाताना दार लाव."